सुटसुट्यांची हिरवी खूण

सुटसुट्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. ते फक्त पगार जमा होताना आणि आजारपणाच्या रजेच्या अर्जावर दिसायचं. एरवी ऑफिसात सगळे त्यांना सुटसुटेच म्हणायचे, कारण या माणसाला जगातली कुठलीही जड गोष्ट सहन व्हायची नाही. छत्री घेतली तर खिशात मावणारी. ती उघडली की एकच खांदा कोरडा राहायचा, पण खिसा फुगत नाही याचं समाधान केवढं! बॅग अशी, की डबा ठेवला की किल्ली ठेवायला हातच. परगावी निघाले तर एक शर्ट अंगात, दुसरा वाळत. लग्नाचं राहून गेलं होतं. तेही ओझं नको म्हणूनच, असं त्यांच्या मावशीचं मत होतं.

ही मावशी म्हणजे सुटसुट्यांच्या आयुष्यातली एकमेव जड वस्तू. वजनानं नव्हे, शब्दानं. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं, शाळेत नेऊन सोडलं आणि तिथल्या बाईंशी भांडून पुढच्या बाकावर बसवलं. आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. "तुझ्याकडे राहायला येईन, पण बसू कुठं? तुझ्याकडे एकच खुर्ची," असं म्हणायची.

सुटसुट्यांचं ऑफिस एका शिलाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली मशीनची टकटक, वर कीबोर्डची. छोट्या-मोठ्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, हा धंदा. त्यात सुटसुट्यांकडे सर्व्हरची बाजू. हे काम म्हणजे नाटकात पडदा ओढणाऱ्या माणसाचं. पडदा वेळेवर वर गेला तर तो माणूस आहे की नाही हेही कुणाला कळत नाही, आणि अडकला की सगळं नाट्यगृह त्याच्याच नावानं खडे फोडतं.

आता, सर्व्हरला बाहेरच्या जगाशी बोलावं लागतं. पेशंटला मेसेज धाडायचा तर मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विनंती करायची, की बाबा रे, या नंबरला एवढा मजकूर पोचव. या विनंत्या न्यायचं आणि उत्तरं आणायचं काम करणारा आयता कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. ऑफिसात पूर्वीपासून एक भारदस्त लायब्ररी नांदत होती. ती एकटी यायचीच नाही. तिच्याबरोबर तिच्या बहिणी, जावा, भाचे, भाच्यांचे मित्र असा लायब्रऱ्यांचा सगळा गोतावळा सर्व्हरवर मुक्कामाला. पण तिचा एक गुण होता. पलीकडून नकार आला की ती तिथल्या तिथं बोंब ठोकायची. काम थांबवायची, लाल अक्षरांत आकांत करायची. दुर्लक्ष करायची सोयच नाही.

सुटसुट्यांनी तिला निरोप दिला आणि एक चिमुकली लायब्ररी आणली. पिसासारखी! ना गोतावळा, ना आरडाओरडा. तिचं म्हणणं सरळ होतं: पलीकडचं दारच सापडलं नाही तर सांगीन. दार उघडून कुणी काहीही उत्तर दिलं तर ते तुमच्या हातात आणून देईन. त्यात "हो" लिहिलंय की "चालते व्हा" लिहिलंय, ते तुमचं तुम्ही वाचा.

वाचण्यासाठी एक ओळ लिहायची असते. उत्तर ठीक आहे का बघ, नसेल तर ओरड. एवढीच. सुटसुट्यांना ती ठाऊक होती. इतर ठिकाणी त्यांनी ती लिहिलीही होती. मेसेजच्या कामात मात्र कोड इतका देखणा, इतका सुटसुटीत उतरला होता, की त्यात ती ओळ म्हणजे नव्या शर्टाला ठिगळ वाटलं. "नंतर घालू," म्हणाले.

ऑफिसात तपासणीचं काम शंकाकाकूंकडे होतं. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, आणि शंका जिभेवर. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

"काय रे सुटसुटे, पलीकडून 'नाही' असं उत्तर आलं तर?"

"काकू, ती कंपनी 'नाही' म्हणतच नाही. आपण गिऱ्हाईक आहोत तिचे."

"म्हणाली तर?"

"तुम्ही ना काकू, झोपेतसुद्धा उशी आहे का चाचपून बघत असाल."

सगळे हसले. काकूही हसल्या. हसण्यात ती ओळ राहून गेली.

पुढं मावशीला मोतीबिंदू झाला. सुटसुट्यांनी तिला मोठ्या दिमाखात डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, कारण तिथं त्यांचीच सिस्टम चालायची. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"अरे, दवाखान्यात एकदा फोन लावून विचारू का? उद्या नक्की आहे ना म्हणून?"

"कशाला? काही बदल झाला तर मेसेज येतो. नाही आला म्हणजे बदल नाही."

"तरी विचारलं तर काय बिघडतं?"

"मावशी, सिस्टम कुणी लिहिलीय?"

"बरं बाबा," म्हणाली. सुटसुट्यांनी फोन ठेवला. बरं म्हणाली म्हणजे बरंच, असा त्यांचा हिशेब असायचा.

शुक्रवारी ऑफिसातली एक मीटिंग उरकून मावशीला घरी न्यायला ते दवाखान्यात पोचले, तर हॉल माणसांनी भरलेला. सगळी म्हातारी माणसं, सगळी रात्रीपासून उपाशी, आणि सगळ्यांच्या आवाजावर एक आवाज.

"दोन बस बदलून आलेय मी! पोटात पाण्याचा थेंब नाही! एक मेसेज टाकायला हात झिजतात का गं तुझे?"

काउंटरपलीकडे एक तरुण बाई उभी होती. दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टरांची कंबर धरल्यामुळं सगळी ऑपरेशनं रद्द झाली होती, आणि ते पेशंटना कळवणं हे ताईंचं काम.

"आजी, मी काल दुपारीच सगळ्यांना कळवलंय. बटण दाबलं, हिरवी खूण आली."

"आजी कुणाला म्हणतेस?" मावशी कडाडली. "आणि खूण आली तर मेसेज का नाही आला? वाटेत चहा प्यायला थांबला?"

लोक हसले. उपाशी माणसांचं हसणंही जरा बोचरंच असतं. गलका ऐकून दवाखान्याचे व्यवस्थापक बाहेर आले, आणि नेमकी तेव्हाच मावशीची नजर दारातल्या भाच्यावर पडली.

"हा बघा! हा माझा भाचा. ह्यानंच लिहिलीय तुमची ती सिस्टम. विचारा ह्याला!"

सगळा हॉल वळला. सर्व्हरच्या माणसाला एवढे प्रेक्षक जन्मात मिळत नाहीत. सुटसुटे पुढं झाले. घसा साफ केला.

"हिरवी खूण आली म्हणजे मेसेज गेलाच," ते म्हणाले. "गेला नसेल, तर एक तर बटण दाबलं गेलं नाही, नाही तर भलतीच तारीख निवडली गेली. मशीन आपण होऊन विसरत नाही."

"मी आजचीच... म्हणजे काल, पण आजचीच तारीख..." ताई अडखळल्या. लोक पुन्हा हसले.

"होतं हो ताई, कामाच्या गडबडीत होतं असं," सुटसुटे उदारपणे म्हणाले, आणि त्यांनी मावशीचा हात धरला.

बाहेर पडताना त्यांना स्वतःचं फार बरं वाटलं. बिचारीला किती सांभाळून घेतलं आपण! तेवढ्यात मागं एकदा पाहिलं. ताई काउंटरवरच्या स्क्रीनकडे वाकून बघत होत्या. किल्ली जिथं ठेवली तिथंच पुन्हा पुन्हा शोधतो ना माणूस, तशा.

दुपारी ऑफिसात त्यांनी हा प्रसंग रंगवून सांगितला. मावशीचं "चहा प्यायला थांबला?" ऐकून मंडळी लोटपोट झाली. शंकाकाकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"तारीख चुकली असती, तर दुसऱ्या कुठल्या तरी तारखेच्या लोकांना तो मेसेज गेला असता ना? त्यांतल्या कुणाचा फोन आला का, की आमचं कशाला रद्द केलंत म्हणून?"

"नसेल केला."

"एकानंही?"

खाली शिलाईमशीन थांबलं, की सुटसुट्यांनाच ते थांबल्यासारखं वाटलं, कोण जाणे.

"एक काम कर. स्वतःला मेसेज पाठव. माझ्या समाधानासाठी."

सुटसुट्यांनी हसत हसत स्वतःचा नंबर घातला, बटण दाबलं. हिरवी खूण टपकन उमटली. फोन टेबलावर पालथा पडला होता. त्यांनी तो उताणा केला. काकू बघत होत्या. फोन मख्खपणे पडून होता. पुन्हा बटण, पुन्हा हिरवी खूण. फोन आपला ढिम्म.

मग त्यांनी पलीकडून येणारं उत्तर उघडून वाचलं. मेसेजवाल्या कंपनीनं स्पष्ट लिहिलं होतं: तुमची ओळख पटत नाही, मेसेज पाठवलेला नाही. ओळख पटवायला कंपनीनं दिलेला गुप्त आकडा, म्हणजे आपल्याकडची चावी, जुनी झाली होती, ती बदलायची राहिली होती. कंपनी दर वेळी नाही म्हणत होती, चिमुकली लायब्ररी ते "नाही" दर वेळी सुबक घडी घालून आणून देत होती, आणि सुटसुट्यांचा कोड ते न उघडताच हिरवी खूण करत होता. उत्तर आलं ना? मग झालं.

त्यांनी चावी बदलली, आणि ती ओळ लिहिली. लिहायला लागला वेळ तो किती, तर काकूंचा चष्मा परत कपाळावर जाईपर्यंतचा. फोन थरथरला. मेसेज आला होता.

"आता दवाखान्यात कळव," काकू म्हणाल्या. यावर मात्र त्यांनी एकही शंका काढली नाही.

सुटसुटे मॅडमकडे गेले. ऑफिस मॅडमच्या मालकीचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुरुस्त झालं ना?"

"झालं."

"दवाखान्यानं तक्रार केलीय आपल्याबद्दल?"

"नाही. ते समजतायत की काउंटरवरच्या ताईंची..."

"मग आपण कशाला आगीत हात घालायचा? विचारलं तर सांगू. खोटं थोडंच बोलतोय आपण?"

सुटसुटे "बरं" म्हणाले. खरंच, खोटं कुठं बोलायचं होतं? जे बोलायचं होतं ते तर सकाळीच बोलून झालं होतं, भर हॉलमध्ये, घसा साफ करून.

त्यानंतरचे काही दिवस सुटसुट्यांना हिरव्या रंगानं छळलं. रस्त्यावरचा सिग्नल हिरवा झाला तरी ते उभेच, मागून लोक शिव्या देतायत. लिफ्टचं बटण, फोनचं चार्जिंग, जिथं तिथं हिरवा ठिपका हसत होता. सगळ्यात जास्त टोचत होतं ते स्वतःचं वाक्य. 'होतं हो ताई, कामाच्या गडबडीत होतं असं.' नुसता आरोप केला असता तर एक वेळ पचला असता. आपण तर वर माफही करून आलो!

त्यात मावशीचा फोन. आवाजात विजयाचा ढोल.

"अरे, ऑपरेशनच्या नव्या तारखेचा मेसेज आला बघ! पण मी आता कुणावर विसंबत नाही, फोन करून विचारलंच. तर कळलं, त्या बाईला काउंटरवरून काढून खाली तळघरात फायली लावायला बसवलंय. बघितलंस? ती गेली आणि मेसेज यायला लागले!"

सुटसुट्यांना ठसका लागला.

"पाणी पी," मावशी म्हणाली. "मी बोलले म्हणून झालं हो हे. आणि तू बोललास म्हणून. तुझं ऐकलं त्यांनी."

'मावशी, चूक माझी होती,' एवढं साधं वाक्य. ओठांपर्यंत आलं आणि जुन्या लायब्ररीसारखा आपला सगळा गोतावळा आठवून मागं फिरलं. त्याच्यामागून मॅडम येणार होत्या, नोकरी येणार होती, दवाखान्याचं कंत्राट येणार होतं, मावशीच्या शेजारणींना तिनं सांगितलेल्या भाच्याच्या गोष्टी येणार होत्या.

"हं," म्हणाले नुसते.

नव्या तारखेला ते मावशीबरोबर पहाटेपासून होते. तिला आत नेलं, आणि सुटसुटे जिना उतरून तळघरात गेले. एक लांबट खोली, छताला ट्यूबलाइट, भिंतीला लोखंडी रॅक. ताई खुर्चीवर उभ्या राहून वरच्या कप्प्यात फायली रचत होत्या. त्यांना बघून खाली उतरल्या आणि आपोआप म्हणाल्या, "काही चुकलं का?"

सुटसुट्यांना वाटलं, यापेक्षा यांनी फाइल फेकून मारली असती तर बरं.

"चुकलं. माझं," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. चावी, लायब्ररी, न लिहिलेली ओळ. सांगताना आपण फार तांत्रिक बोलतोय हे त्यांना कळत होतं, पण तांत्रिक शब्दांच्या आड उभं राहायला जरा आडोसा मिळत होता. "म्हणजे तुम्ही बटण दाबलं होतंत, ताई. तारीखही बरोबर होती."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे... मी सांगायला आलो."

"मला कशाला सांगता? मला तर त्या दिवशीच माहीत होतं." त्यांनी हातातल्या फायलीवरची धूळ झटकली. "पहिले दोन दिवस माझी मलाच शंका आली, ती गोष्ट वेगळी. घरी गॅस बंद केला की नाही, तेसुद्धा उठून उठून बघत होते. तुम्ही इतकं ठामपणे बोललात ना."

सुटसुट्यांनी खाली पडलेली एक फाइल उचलून त्यांच्याकडे दिली.

"सांगायचं तर वर जाऊन सांगा," ताई म्हणाल्या आणि परत खुर्चीवर चढल्या.

जिन्यातूनच त्यांनी मॅडमना फोन केला, आपण वर जाऊन सगळं सांगतोय म्हणून.  मॅडम म्हणाल्या, "सांगाच मग. पण चावी वेळेवर बदलायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, हेही सांगा. तुम्ही एकट्यानं सगळं डोक्यावर घेऊन भाव खाऊ नका." सुटसुट्यांना मॅडम त्या क्षणी पहिल्यांदा आवडल्या.

व्यवस्थापक हॉलमध्येच होते. "चला, केबिनमध्ये बोलू," ते म्हणाले.

"नको. मी इथं बोललो होतो, इथंच बोलतो."

आणि ते बोलले. या वेळी घसा साफ करायला विसरले, त्यामुळं सुरुवातीचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. बाकांवरच्या माणसांनी माना वर केल्या, ऐकलं, आणि परत आपापल्या थेंबांच्या बाटल्यांकडे वळले. कारण ही माणसं ती नव्हतीच. त्या शुक्रवारची माणसं आपापल्या घरी होती, आणि काउंटरवरच्या निष्काळजी बाईची गोष्ट लेकीसुनांना सांगत होती. त्यांना आता कुठून गोळा करायचं?

"अच्छा, अच्छा," व्यवस्थापक म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. बघू."

एरवी सुटसुटे आभार मानून निघाले असते. उत्तर मिळालं होतं. पण त्यांचे पाय हलेनात.

"बघू म्हणजे?"

"म्हणजे... बघू की."

"ताई वर येणार का?"

"अहो, आता तिथं नवीन माणूस बसवलाय..."

"म्हणजे नाही."

"नाही असं कुठं म्हटलं मी?"

"हो असंही नाही म्हटलंत." सुटसुट्यांचा आवाज चढला नव्हता, उलट विनवणीचा झाला होता. "साहेब, एक काय ते सांगा. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. व्यवस्थापकांनी दोन फोन घेतले, एक सही केली, वर पाहिलं, तर हा माणूस आपला उभाच. शेवटी ते म्हणाले, "सोमवारपासून बसतील त्या काउंटरवर. झालं?"

"झालं," मागून कुणी तरी म्हणालं.

व्हीलचेअरवर मावशी होती. एका डोळ्यावर पट्टी. तिला बाहेर आणल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. तेवढा एक शब्द बोलून ती गप्प बसली होती, आणि मावशी गप्प बसलेली सुटसुट्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"मला खाली ने," ती म्हणाली.

"मावशी, डॉक्टरांनी हालचाल कमी..."

"ने म्हणते ना."

एकेक पायरी उतरत, त्यांच्या खांद्यावर सगळा भार टाकून ती तळघरात आली. ताई पुन्हा खुर्चीवरून उतरल्या.

"पोरी," मावशी म्हणाली, "मी तुला त्या दिवशी काय काय बोलले ते मला सगळं आठवतंय. तुझ्या लक्षात असेल त्याहून जास्तच निघेल."

"जाऊ द्या हो, मावशी."

"आजी म्हण."

ताई हसल्या. मावशीही हसली, आणि हसताना पट्टीखालचा डोळा दुखला म्हणून भाच्यावर खेकसली. घरी जाताना रिक्षात मात्र ती एवढंच म्हणाली, "मी तर तशीच आहे रे, तोंडाळ. तू मला मागं ओढायचंस." 

सोमवारी सुटसुटे ऑफिसातून दवाखान्यात गेले. काम काहीच नव्हतं. ताई काउंटरवर होत्या. डॉक्टरांची कंबर पुन्हा कुरकुरत होती, आणि उद्याच्या पेशंटना पुढची वेळ कळवायची होती. त्यांनी बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, फोन उचलला, आणि पहिल्या पेशंटचा नंबर फिरवायला लागल्या.

"ताई, आता फोन करायची गरज नाही," सुटसुटे घाईनं म्हणाले. "दुरुस्त केलंय मी. आता हिरवं म्हणजे खरोखरच..."

ताईंनी मान वर करून पाहिलं. रागानं नव्हे. नुसतंच.

"हो ना?" म्हणाल्या, आणि फोन कानाला लावला. "हॅलो, दवाखान्यातून बोलतेय..."

सुटसुटे तिथंच उभे राहिले. खिशात छत्री होती, खांद्यावर चिमुकली बॅग होती, आणि हे एक वजन, जे कुठल्याच कप्प्यात बसत नव्हतं. कोडमधली ओळ लिहिता आली होती. ही कुठं लिहायची?

काउंटरच्या कोपऱ्यात आणखी एक फोन होता. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि विचारलं, "यादीच्या खालून सुरू करू का मी?"

ताई पलीकडच्या माणसाशी बोलत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फक्त स्क्रीन थोडा त्यांच्या बाजूला वळवला. सुटसुट्यांनी शेवटचा नंबर लावला. पलीकडे एक आजोबा होते. उद्या डॉक्टर नाहीत, परवा या, असं सुटसुट्यांनी सांगितलं.

"बरं, बरं," आजोबा म्हणाले.

"आजोबा, ठेवू नका," सुटसुटे म्हणाले. "कधी यायचंय, ते मला जरा सांगता?"